अक्का, समुद्राच्या अलीकडे

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अंगणात वांगी भाजत होतो. मी कपाशीच्या काड्या मोडून जाळात सरकवत होतो आणि ती भरताची हिरवी वांगी हातानंच फिरवत होती. चिमटा शेजारी पडलेला. तिला चिमटा कधी लागलाच नाही. कुत्रं तिच्या मांडीला टेकून पडलं होतं आणि त्याचे केस उडून राखेत जात होते. मी म्हणालो, "त्याले हाकल तिकडे. केस जातीन वांग्यात." ती म्हणाली, "जाऊ द्या. भाजाई जातीन." दुपारी "जराशी पडस" म्हणून आत गेली. चहाच्या वेळेला हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर आला, मनगट धरलं, सोडलं, आणि चष्मा पुसत बसला.

शेवटचं बोलणं गोड व्हावं म्हणतात. आमचं कुत्र्याच्या केसांवरून झालं.

सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. म्हातारी झाल्यावर नाही, तिशीत असल्यापासून. माहेर धुळ्याकडचं, शिंदखेडा-दोंडाईच्याच्या बाजूचं. लग्न होऊन फैजपूरला आली, केळीच्या मुलखात, पण बोलणं तिकडचंच राहिलं. 'आहे'ला ती 'शे' म्हणायची, आणि इथल्या बाया त्या 'शे'ला हसायच्या. ती म्हणायची, "हसा. तुमना हसानं काय मनी जीभ वाकडी व्हस का?" आणि पुन्हा 'शे'.

तिची एक खोड मला जन्मभर किळसवाणी वाटली. ती प्रत्येक वस्तू चाखायची. खायचीच नाही, कुठलीही. म्हशीची ढेप आणली की आधी तिच्या जिभेवर. "आपण चाखं नही ते मुका जनावरले कसं देवानं?" शेतातली माती चाखायची, पायाला लावायचं मलम चाखायची. एकदा कुत्र्याला जंताचं औषध आणायला दवाखान्यात गेली. तिथला कंपाउंडर म्हणाला, "अक्का, कडू आहे, घेणार नाही तो." हिनं बाटलीचं बूच उघडलं, बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाली, "कडू नही, तुरट शे. गूळ लागी." कंपाउंडर माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीकडे बघत होतो. जंताचं औषध चाटणाऱ्या बाईचा नवरा म्हणून उभं राहायला मला लाज वाटत होती.

मी केळीच्या गाड्या भरायचो. केळीचा चीक अंगावर काळा पडतो, निघत नाही, म्हणून मी दोन वेळा अंघोळ करणारा माणूस. आईनं लहानपणी शिकवलं होतं, कुत्रं शिवलं की डोक्यावरून पाणी. शाळा चौथीतच सुटली, पण हे सुटलं नाही.

आणि हिनं कुत्रं आणलं. वेफर्सच्या कारखान्याबाहेर केळीच्या सालींचा ढीग असतो, माशा घोंघावतात, त्या ढिगावर ते पिल्लू पोट पुढं काढून बसलं होतं. हिला ते बाजारात गादीवर बसलेल्या व्यापाऱ्यासारखं दिसलं. नाव ठेवलं शेठ. त्याला अहोजाहो करायची. "शेठ, सरका." "शेठ, जेवा ना." घरात दोघांनाच ती तुम्ही म्हणायची, एक मी आणि एक ते. माझे मित्र ओट्यावर बसले असले की मुद्दाम विचारायचे, "अक्का, शेठ जेवले का?" ती विचारायची, "कोन्ता?"

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तू पाळ. मी हात लावणार नाही." नऊ वर्षं लावला नाही. तिनं त्याला कधी बांधलंही नाही. म्हणायची, "बांधेल कुत्रा आन् कोंडेल सून, दोन्ही चावतस." हे तिनं माझ्या आईसमोर म्हटलेलं आहे.

समुद्राचं वेड तिला लहानपणचं. मामाच्या गावाला तापी आहे. पुरात तिनं काठावर उभं राहून बापाला विचारलं होतं, इतकं पाणी जातं कुठं? बाप म्हणाला, समुद्रात, आणि तिथं गेल्यावर ते सगळं खारट होतं. झालं. तेव्हापासून एकच. "जठे बठ्ठं पाणी जास, तठे एकदा पाय घालाना शे माले." सोनं मागितलं नाही, तीर्थं मागितली नाहीत. समुद्राचं मात्र वर्षातून एकदा तरी निघायचं. मी म्हणायचो, पाण्यात काय पाहायचं, नळाला येतं ते पाणीच आहे.

योगेश, आमचा मुलगा, जळगावला असतो. मागच्या थंडीत त्याला सुट्टी मिळाली. म्हणाला, "आई, तुम्हाला कोकणात सोडतो चार दिवस. आम्ही पुढं गोव्याला जातो, येताना घेऊन येऊ." ही म्हणाली, शेठ येत असतील तर. मग त्यानं मोबाईलवर शोधलं, कुत्रं चालेल असं घर. रत्नागिरीच्या खाली एक गाव होतं. आम्ही गाडीत पंधरा तास कुत्र्याच्या तोंडाच्या वासात बसून गेलो. मी खिडकीतून नाक बाहेर काढून होतो. खरं जनावर कोण, असं सून हळूच म्हणाली. मी ऐकलं.

योगेश आम्हाला सोडून गेला आणि आम्ही लगेच समुद्राकडे निघालो. सुरूच्या झाडांमधून वाट होती. झाडं संपतात तिथं फळी ठोकलेली. पाळीव प्राण्यांना मनाई. खाली शिट्टीवाला माणूस खुर्ची टाकून बसलेला. म्हणाला, वाळूत कासवांनी अंडी घातलीत, कुत्री उकरतात, म्हणून कुत्र्याला एक पाऊलही पुढं नाही. कासवाच्या अंड्यांना राखण आणि शंभर पावलांवर माणसांनी बाटल्या फोडून ठेवलेल्या, त्यांना कोणी विचारत नव्हतं. मला तिथूनच ओकारी यायला लागली. कुजक्या माशाचा वास, त्यात कोणीतरी अंडी तळत होतं.

ती फळीजवळ उभी राहिली. पाणी लांब दिसत होतं, पांढरी रेघ हलत होती. प्रवासासाठी योगेशनं कुत्र्याला पट्टा आणि दोर घेतला होता. तो तिनं माझ्यापुढं धरला.

"घडीभर धरा. मी पाय भिजाडीसन येस."

"मी धरणार नाही. झाडाले बांध."

"बांधं ते रडस तो."

"मग रडू दे."

"दोरले ते हात लावाना शे. त्याले नही."

"दोर त्याच्याच गळ्यात आहे ना?"

ती हसली नाही, रागावली नाही. "पाहू," म्हणाली. नाही म्हणायच्या ऐवजी ती पाहू म्हणायची. घरमालकिणीकडे ठेवावं तर तिच्या कोंबड्या होत्या, आणि खोलीत कुत्रं एकटं सोडायचं नाही असा मालकिणीचा नियम होता. म्हणजे चार दिवसांत कधीतरी पाव तास मी तो दोर धरला असता, की हिचं काम झालं असतं. एवढंच होतं. याच्यापेक्षा मोठं काही नव्हतं.

मग आम्ही रोज समुद्राला पाठ करून फिरलो. लोक समुद्रासाठी कोकणात जातात, आम्ही कुत्र्यासाठी समुद्र सोडून बाकीचं कोकण पाहिलं.

पहिल्या दिवशी सड्यावर गेलो. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, नुसता काळा कातळ आणि वाळलेलं गवत. मला तिथं जरा बरं वाटलं, वास नव्हता. कुत्रं सुटलं आणि वेड्यासारखं पळालं. ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाई ते आपलं शिंदखेडाच शे! इतला लांब कसाले ऊनूत?" आणि हसत सुटली. कातळात पाणी साचलेला एक खड्डा होता. त्यात कुत्रं तोंड घालून पीत होतं, त्याच्या शेजारी हिनं ओंजळ घातली आणि चाखलं. "गोड शे." मी म्हणालो, "कुत्र्याची लाळ आहे त्यात." ती म्हणाली, "म्हनीसनच गोड व्हई."

खाली येताना एका सुपारीच्या बागेतून वाट होती. बागवाला धोतर नेसलेला जाडा माणूस, पाटाचं पाणी वळवत होता. हिनं मागून हाक दिली, "शेठ, चिखलमा जाऊ नका, पाय घाण व्हतीन!" तो माणूस दचकून पाटातून बाहेर आला. मग कुत्रं पाहिलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "इतक्या मायेनं मला माझ्या बायकोनं पण बाहेर नाही काढलं कधी." दोघं अर्धा तास बोलत बसली. तिला ओली सुपारी दिली त्यानं. चाखली अर्थातच. तोंड तुरट झालं तर कुत्र्यालाही चाटवली.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. तिथं सुक्या माशांची ओळ. मी नाकाला रुमाल बांधून निघालो होतो. आमच्या घरात कधी मासळी शिजलेली नाही. कुत्र्यानं एका बाईच्या टोपलीतला बांगडा उचलला. ती बाई उठली आणि तिनं कुत्र्याच्या सात पिढ्या काढल्या. मी दहा पावलं लांब सरकलो, जणू माझा काही संबंध नाही. हिनं काय करावं? त्या बाईसमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "खरं शे बाई तुनं. चोरी करी त्यानी. पण तू सांग, इतला वास सोडीसन तू बसशी, ते तो काय करी?" ती बाई थांबली. मग हसली. मग या दोघी सुनांवर बोलायला लागल्या. उठताना त्या बाईनं हिच्या हातावर सुकी कोळंबी ठेवली. हिनं माझ्याकडे बघत बघत जिभेवर टाकली.

"खारी शे. वाईट नही."

मी बाजाराच्या मागं जाऊन ओकलो. परत आलो तर म्हणते, "तुमले बठ्ठानीच घाण वाटस. मनी बी वाटत व्हई."

मी म्हणालो, "आता वाटते."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कुत्र्याला भाकर चुरून देत होती, तेव्हा घरमालकीण मला म्हणाली, "आजोबा, आज खाडीवर न्या त्याला. तिथे कोणी अडवत नाही. आत्ता भरती आहे, पाणी छान वर आलेलं असेल." मी हिला काही सांगितलं नाही, नुसतं चल म्हणालो आणि पुढं चालायला लागलो. आमच्यात हीच पद्धत होती. मी कुठं जायचं ते सांगत नसे आणि ती विचारत नसे.

आंब्यांमधून उतरलो, वळण घेतलं आणि समोर एकदम पाणी. पलीकडचा काठ धुक्यात होता, दिसत नव्हता म्हटलं तरी चालेल. वारा होता, लहान लहान लाटा काठाला लागत होत्या. एक होडी उभी होती. पाण्यात तीन बाया वाकून शिंपल्या काढत होत्या. फळी नाही, शिट्टी नाही.

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा समजलं नाही, आता समजतं. तिला वाटलं, मी तिला तिथं आणलं. न सांगता, कुत्र्यासकट, जिथं कोणी अडवत नाही अशा जागी मी तिला समुद्रावर आणलं.

चपला काढल्या, दोर सोडून दिला, लुगडं खोचलं आणि गेली. गुडघ्यापर्यंत. कुत्रंही तिच्यामागं. मग ती वाकली, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. तोंड वाकडं केलं, आणि मग सत्तरीची बाई ओरडली, "खारं शे! ओ! खारं शे!" त्या शिंपलीवाल्या बायांना म्हणाली, "बाई, कितला गार शे वं तुमना समिंदर!"

त्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एक जण हसली, मान हलवली आणि पुन्हा वाकली. परकी बाई, तिचं आमचं काय नातं? पण ती गप्प राहिली.

मी राहिलो नाही. मी काठावरून मोठ्यानं सांगितलं, "अवं, समुद्र नाही तो! खाडी आहे, खाडी! समुद्र त्या डोंगराच्या पलीकडे. काही समजत नाही अन् उगाच ओरडते. लोक हसू राह्यले."

ती तशीच उभी राहिली. ओंजळीतलं पाणी गळून गेलं. मग बाहेर आली, दगडावर बसली आणि पदरानं पाय पुसायला लागली, एकेक बोट.

"मंग खारं कसं शे?"

"समुद्राचं पाणी आत घुसते म्हणून."

"म्हंजे त्यानंच पाणी ना?"

"पाणी त्याचं. पण तो नाही."

यावर ती पाहूसुद्धा म्हणाली नाही. कुत्र्यानं अंग झटकलं, ते पाणी माझ्या धोतरावर उडालं, आणि मी खोलीवर जाऊन अंघोळ केली.

चौथ्या दिवशी तिनं दोर पुढं केला नाही. मीही धरतो म्हणालो नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं मला. कुत्र्याची, माशाची, बाटल्यांची मला जेवढी किळस आली, ती सगळी एकत्र केली तरी त्या सुटल्यासारख्या वाटण्याची जेवढी आज येते तेवढी होणार नाही. संध्याकाळी योगेश आला, आम्ही गाडीत बसलो.

घरी आल्यावर गल्लीतल्या बाया जमल्या. हिनं सडा सांगितला, बागवाला सांगितला, बांगडा सांगितला, हसवून हसवून बेजार केलं. मग कोणीतरी विचारलं, "अन् समुद्र, अक्का? समुद्र कसा असतो?"

"दूरथून दखा."

"पाण्यात नाही गेल्या?"

ती माझ्याकडे वळली. मी ओट्यावर बिडी पीत होतो. "यासले इचारा," म्हणाली. "यासले बठ्ठं खरं माहीत ऱ्हास."

त्यानंतर आठ महिने जगली. समुद्राचं नाव काढलं नाही. चाखणं तेवढं चालू होतं.

ती गेली त्या दिवशी योगेश तासाभरात आला. सूर्य बुडायच्या आत सगळं उरकलं. परत येऊन आम्ही ओट्यावर बसलो, शेजाऱ्यांनी जेवण आणलं होतं. ज्यांना दुःख नव्हतं ते जेवत होते, आणि काहींनी भाजी पुन्हा मागितली. माझी बहीण यमुना जामनेरहून आली होती. डोळे पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाकी सगळं झालं वहिनीचं. तेवढी समुद्राची हौस राहिली बिचारीची."

योगेशनं मान खाली घातली. बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. माझं तोंड सगळ्यांना माहीत आहे. जे असेल ते मी बोलतो, मयतातही.

मी म्हणालो, "राहिली नाही. गेली होती ती समुद्रात."

"कधी?"

"तिसऱ्या दिवशी. गुडघ्याएवढ्या पाण्यात. लाट आली, लुगडं भिजलं. समुद्राचं पाणी चाखलं तिनं."

योगेश म्हणाला, "पण आई तर म्हणायची, लांबून पाहिला."

"तिची गंमत करायची सवय तुले माहीत नाही का?"

"मग कुत्रं? कुत्र्याला तर सोडत नव्हते ना तिथं?"

"मी धरलं होतं."

यमुनानं पदर डोळ्यावरून काढला. तिला आमच्या आईची शिकवण माहीत आहे आणि मीही माहीत आहे. "तू?" म्हणाली. "तू कुत्रं धरलं?"

"दोर धरला. पाव तास."

 योगेश रडायला लागला होता, त्याच्याकडे पाहून यमुनानं पदर पुन्हा डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. जिथं तिला ठेवलं होतं तिथं दिवा जळत होता, गेलेल्याचं पाऊल उमटतं म्हणून खाली पीठ पसरून वर टोपली झाकलेली. त्याला लागूनच कुत्रं ओकलं होतं. दोन वेळ काही खाल्लं नव्हतं त्यानं, परसातलं गवत खाऊन आलं असावं. पिवळा फेस आणि गवत. यमुनानं पाहिलं असतं तर दिव्याजवळ विटाळ केला म्हणून त्याला त्याच घडीला गल्लीबाहेर काढलं असतं.

चुलीतली राख आणून टाकली. झाडूनं फासलं गेलं असतं, म्हणून हातानं उचललं. कोमट होतं.  परसात खड्डा करून पुरलं, जागा पुसली, पुन्हा पुसली. प्रेम वगैरे काही आलं नाही मला, ते लोकांनी समजू नये. घाण ती घाणच वाटत होती.

कुत्रं कोपऱ्यात डोळे उघडे ठेवून पडलं होतं. मी वाडग्यात पाणी घेतलं, त्याच्यासमोर बसलो आणि तोंडाशी धरलं. त्यानं तोंड फिरवलं. मी वाडगं तिकडं नेलं. पुन्हा फिरवलं. आत यमुना उठल्याचा, बांगड्यांचा आवाज आला. हात भरून आला होता, पण मी वाडगं खाली ठेवलं नाही.